गवत्या की मरळ?

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतळ्यांवर, दर पावसाळ्यात हाच वाद: बाहेरचं मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडायचं की मरळीसारखी गावठी मासळी जपायची?

बीजाचा हिशोब सोपा. कटला वरच्या पाण्यातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळचं. एकमेकांच्या ताटात हात नाही, वाढ झपाट्याची, मच्छीमार सोसायटीला रोकड. इथवर माझीही ना नाही. घोळ होतो तो गवत्यानं, म्हणजे ग्रास कार्पनं. तो पाण्याखालचं गवत फस्त करतो. गवत गेलं की झिंग्यांचा, किड्यांचा आडोसा गेला, बारक्या माश्यांची अंडी घालायची जागा गेली. मग मरळीनं खायचं काय? आणि बगळ्यांनी?

मरळ वाढते सावकाश, पण भाव चांगला. हवेतून श्वास घेते, म्हणून आटत्या डबक्यातही तग धरते. उन्हाळे कडक होताहेत तेव्हा ही मोठीच गोष्ट. सकाळी काठावर बसा: तांबूस पिल्लांचा घोळका वर खदखदतो, खाली आई-बाप पहाऱ्याला. त्याच वेळी जाळं टाकणाऱ्याला काय म्हणावं!

समुद्रात ही खाण्याची साखळी उलट टोकानं तुटली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड हा शिकारी मासा बेसुमार उपसला, त्यात पाणीही थंड पडलं. १९९२ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी आली. खाणारा कॉड घटला, तशी कोळंबी वाढली. तिथं वरचा शिकारी गेला, इथं तळचं गवत.

माझं मत विचाराल तर रोहू-कटला बेतानं सोडा, मरळीच्या विणीला जाळं बंद ठेवा. गवत्या मात्र आमच्या तलावात नको.