चिपळूणच्या पुरात बुडालेली गाडी मी पावणेबारा लाखांना घेतली

ऑगस्ट २०२४ मध्ये घाटावरच्या एका डीलरकडून मी जर्मन बनावटीची छोटी लक्झरी सेदान घेतली. २०१७ चं मॉडेल, पेट्रोल, ऑटोमॅटिक, मीटरवर ४६,३०० किलोमीटर. ठरले ११,७५,०००. त्यातले ८,००,००० आरटीजीएसने दिले आणि ३,७५,००० रोख. बिल फक्त आठ लाखांचं मिळालं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण पुढे सगळीकडे मी इथेच अडकलो. रोख मागणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

गाडीत बसल्या बसल्या बायको म्हणाली, "अहो, बंद घरासारखा वास येतोय." डीलरने दोन-दोन अत्तराच्या बाटल्या लावल्या होत्या, एसी आधीपासून फुल करून ठेवला होता, तरी तिला तो वास आला. मीच म्हणालो, पावसाचे दिवस आहेत, येणारच. आम्ही खाडीकाठची माणसं. जून ते सप्टेंबर आमच्या कपाटांना, गाद्यांना, पुस्तकांना हाच कुबट वास असतो, त्यामुळे माझ्या नाकाला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. आणि सीटबेल्ट! सात वर्षांच्या गाडीला चारही पट्टे कोरे करकरीत. विचारलं तर म्हणाला, "साहेब, सेफ्टीसाठी बदलून घेतले." मी मान डोलावली. ते उत्तर आठवलं की आजही झोप लागत नाही. धडक न झालेल्या गाडीचे चारही पट्टे कोण बदलतं? पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. तो नवा असेल तर जास्तच घाबरा.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. वाहन पोर्टलवर नंबर टाकला होता. कर्जाचा बोजा नाही, विमा चालू, मालक दुसरा. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचा. आपल्या भागातली गाडी म्हणून उलट बरंच वाटलं. पण गाडी पाण्यात गेली होती की नाही, हे त्या पोर्टलवर दिसत नाही.

ऑक्टोबरमध्ये फोंडा घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके बसायला लागले, गिअरचा आकडा लुकलुकला आणि गाडी वळणावरच उभी राहिली. मागे एसटी, शेजारी आई. टोइंगने गोव्याला नेली, त्याचे ९,००० वेगळे. तिथल्या मेकॅनिकने पुढचं कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्यातही माती. तो मालवणीतच म्हणाला, "दादानु, ही पाण्यात बुडलेली गाडी आसा."

चॅसी नंबरवरून सर्व्हिसची जुनी नोंद काढली. शेवटची नोंद जून २०२१, किलोमीटर १,०८,४१२. त्यानंतर कोरं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं होतं. पहिल्या मालकाचा ओळखीतून पत्ता लावला. त्या गृहस्थांनी सरळ सांगितलं की गाडी टपापर्यंत पाण्यात होती, विमा कंपनीने पैसे दिले आणि गाडी उचलून नेली.

आतापर्यंतचा खर्च: गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) २,३८,०००, ब्रेकचं एबीएस मॉड्यूल आणि वायरिंग ९४,५००, एसी कॉम्प्रेसर ५२,०००, आत पाणी धरलेले हेडलाइट ७१,०००. एकूण ४,५५,५००. एअरबॅगचा दिवा अजून विझलेला नाही. बुडालेल्या गाडीचे कनेक्टर आतून हिरवे पडत जातात, आज एक तर उद्या दुसरा. ही न संपणारी दुरुस्ती आहे.

पोलीस ठाण्यात गेलो, तर "हा दिवाणी मामला आहे." मीटर साठ हजारांनी मागे फिरवणं दिवाणी? मग "डीलरच्या शहरात जा." नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं! त्यांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. तीन फेऱ्या, दर वेळी वेगळे साहेब. परिवहन कार्यालयात म्हणाले, कागद बरोबर आहेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्रमाणपत्र लागतं. याच्याकडे ते आहे का, एवढंच विचारलं होतं. खिडकीवरून उत्तर आलं, "माहितीच्या अधिकारात अर्ज करा." पहिल्या मालकाची विमा कंपनी म्हणते, तुम्ही आमचे ग्राहक नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. डीलरने "जशी आहे तशी" विकल्याचा माझ्याच सहीचा कागद पाठवला आणि प्रकरण बंद. तो कागद डिलिव्हरीच्या दिवशी पंधरा कागदांत घातलेला होता. प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही करू नका, मागे गिऱ्हाईक उभं असलं तरी.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत. बिल आठ लाखांचं, म्हणून फी २०० रुपये. रोख दिलेल्या पावणेचार लाखांचा पुरावा माझ्याकडे नाही. समोरचा वकील दर तारखेला मुदत मागतो आणि त्याला ती मिळते.

गाडी घेण्याआधी पाचशे-हजार देऊन चॅसी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढायला लावा. डीलर "नंतर देतो" म्हणाला की उठा.

त्याच्या यार्डात त्या दिवशी एमएच ०८ च्या आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. दोन पांढऱ्या, एक करडी. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या विकल्या गेल्या होत्या.