हिप्नोबर्थिंग आणि घरचं बाळंतपण: काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. हिप्नोबर्थिंग, म्हणजे श्वास आणि स्वसंमोहनाने बाळंतपणाची भीती घालवायचं तंत्र, कामाचं आहे, आणि घरच्या बाळंतपणात जास्तच, कारण तिथे एपिड्युरलची (कण्यात दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनची) सोय नसते. मात्र कळा जाणवणारच नाहीत या आशेने कोर्स घेत असाल तर पैसे वाचवा. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) संमोहनाने वेदनाशामकांचा एकूण वापर कमी होऊ शकतो असं दिसलं, एपिड्युरलचा मात्र नाही. कळ यायची तेवढीच येते. दोन कळांमधली धास्ती जाते.

घाबरलेल्या शरीरात ॲड्रिनलिन वाढतं, कळा आणणारं ऑक्सिटोसिन दबतं आणि कळा मंदावतात. म्हणून मंद दिवा आणि मोजकी माणसं. आपल्या गावात ‘किती झालं?’ विचारायला शेजारपाजार येणारच. त्यांना पडवीतच थोपवायचं काम नवऱ्याचं.

मुख्य अंग श्वासाचं. नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ८ मोजेपर्यंत बाहेर. एक आवर्तन १२ सेकंदांचं, म्हणजे मिनिटभराच्या कळेत पाच श्वास. कळ चढायला लागली की लगेच सुरुवात करायची. ती टोकाला गेल्यावर लय सापडत नाही. सगळ्यांत जास्त बिघडतं ते जोर लावून भराभर श्वास घेतल्याने: शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. तेव्हा आत घेणं लहान करा आणि ओठ सैल सोडून हुंकारत श्वास सोडा. जबडा आवळला की खालचे स्नायूही आवळतात, म्हणून सोबतच्या माणसाने तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवावं.

बाळ खाली उतरवण्याचा सावकाश श्वास गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावरच उपयोगी. इथे कोर्सवाले जरा जास्त आश्वासन देतात. उतार थांबला तर सुईण सांगेल तसं कुंथावं लागतं, आणि त्यात हरण्यासारखं काही नाही.

सराव साधारण तिसाव्या आठवड्यापासून, रोज वीस-पंचवीस मिनिटं, डाव्या कुशीवर पडून, सैलावण्याच्या सूचनांचं रेकॉर्डिंग ऐकत. उताणं झोपल्यास मोठ्या शिरेवर दाब येऊन चक्कर येते. ऐकता ऐकता झोप लागली तरी चालतं, गाडी चालवताना मात्र ऐकू नये. विकतच्या रेकॉर्डिंगमधलं परदेशी इंग्रजी ऐन वेळी खटकतं. तोच मजकूर नवऱ्याच्या किंवा आईच्या आवाजात भरलेला बरा. फाइल फोनमध्येच उतरवून ठेवा. पावसात वीज गेली की नेटही जातं.

पाण्याच्या टबाचा सोस असेल तर हिशेब करा. मोठ्या टबात ५००-६०० लिटर पाणी मावतं, म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त वजन. जुन्या घराच्या माडीवर नकोच. पाणी ३७ अंशांच्या आसपास हवं आणि १५ लिटरच्या गिझरने ते होत नाही. चुलीवरचं भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) तरी पेटतं ठेवावं लागतं. नुसत्या शॉवरखाली पाठ शेकली तरी बराच आराम पडतो. बाळाचं डोकं दिसू लागलं की पंखा बंद. आईला उकडेल, पण ओल्या बाळाला खोली निदान २५ अंश हवी. मधेमधे पेज आणि शहाळ्याचं पाणी द्यावं.

आता तंत्राच्या हद्दीबाहेरचं. रक्तदाब, मधुमेह, जुळी, पायाळू किंवा आधीचं सिझेरियन असेल तर घरचा बेत सोडा. पहिलटकरणींनी हेही लक्षात घ्यावं: इंग्लंडच्या २०११ च्या मोठ्या पाहणीत घरून सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना हलवावं लागलं, आधी बाळंतपण झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. प्रशिक्षित सुईणीकडे बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर, जन्मानंतरचा रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन आणि बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग असलीच पाहिजे. बाळाचे ठोके ११० ते १६० च्या बाहेर राहणं, हिरवट पाणी, ५०० मिलिलिटरहून जास्त रक्तस्राव, यांतलं काहीही दिसलं की १०८. तेव्हा रेकॉर्डिंग ऐकत बसायचं नाही. घरापासून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जिल्हा इस्पितळ अर्ध्या तासाच्या आत असावं. दिवाडीसारख्या फेरीबोटीच्या बेटावर, किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावर, आमचं मत स्पष्ट ‘नको’ असं आहे.

इस्पितळात आपोआप होणाऱ्या गोष्टी घरी राहून जातात: व्हिटॅमिन के, २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास ७२ तासांत आईला अँटी-डी इंजेक्शन. जन्मनोंद २१ दिवसांत, आणि घरच्या जन्माची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची.

नंतरचे महिने? चार-आठचा तो श्वास दूध पाजायला बसताना, विशेषतः सुरुवातीच्या दुखऱ्या दिवसांत, खांदे सैल सोडायला छान उपयोगी पडतो. झोपेचं रेकॉर्डिंग मात्र आता निरुपयोगी आहे, कारण ते संपायच्या आत बाळ उठतं.