कार्ब्युरेटर की इंजेक्शन? 15 एचपीच्या दोन बोट इंजिनांचा वापरानंतरचा अनुभव

पारशिवनीजवळ नवेगाव खैरीच्या जलाशयात आमचं मासळीच्या पिंजऱ्यांचं काम चालतं. राहायला नागपुरात. फायबरच्या दोन बोटी एकाच मापाच्या, एकीवर जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन (आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर पेट्रोल खेचून मिसळणारं), दुसरीवर गेल्या पावसाळ्यानंतर घेतलेलं इंजेक्शनचं (पेट्रोल मोजून पंपाने फवारणारं). दोन्ही फोर-स्ट्रोक, हे मुद्दाम सांगतो. इंजेक्शनचं इंजिन घेऊन "पेट्रोल निम्म्यावर आलं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी जुनं टू-स्ट्रोक काढलेलं असतं. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये बरंचसं पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जातं. ती बचत फोर-स्ट्रोकची, नाव इंजेक्शनचं होतं. (आणि हेच पाणी नागपूरच्या नळाला येतं, बरं का.)

मोजायची पद्धत साधी: सकाळी टाकी काठोकाठ भरायची, संध्याकाळी मापाने परत तितकीच भरायची, माणसं आणि वजन सारखंच ठेवायचं.

फुल थ्रॉटलला फरक शोधावा लागतो. दोन्ही इंजिनं तासाला पाच-सहा लिटर पितात. पंख्याची पात झिजली असेल किंवा सगळे पुढे बसल्याने बोटीचं नाक दबलं असेल, तर त्यानेच जास्त पेट्रोल जातं.

खरा फरक खाद्य टाकताना दिसतो. एका पिंजऱ्याकडून दुसऱ्याकडे रांगत जायचं, थांबायचं, इंजिन चालूच. अशा वेळी जुनं इंजिन बंद पडू नये म्हणून त्याचं मिश्रण पेट्रोलकडे झुकतं ठेवावं लागतं. प्लग काढला की टोकावर काळी काजळी. डिसेंबरच्या सकाळी चोक ओढून ठेवायचा, तो ढकलायला कुणीतरी विसरणारच. नवं इंजिन हवेचा दाब आणि तापमान बघून पेट्रोल सोडतं, गरम झालं की आपोआप कमी करतं. अशा दिवशी जुन्यापेक्षा साधारण पाव हिस्सा पेट्रोल वाचतं, प्लगही तपकिरी निघतो, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. बॅटरी नाही, दोरी ओढली की पंपापुरती वीज तयार होते.

आता तक्रार. भर एप्रिलमध्ये नवं इंजिन मध्येच दम सोडायला लागलं. विक्रेत्याकडे तपासायचं यंत्रच नव्हतं, माणूस बाहेरून यायला आठवडा गेला. निघालं काय, तर पेट्रोलच्या फिल्टरमध्ये पाणी. जुन्याचा कार्ब्युरेटर आमचा पोरगा काठावर बसून उघडतो, जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) फुंकतो आणि लावतो.

काठावरून काठावर सरळ पळवणाऱ्याने वरचे पैसे इंजेक्शनवर घालू नयेत. आमच्यासारखं रांगायचं काम असेल तर जरूर घ्या. पण पाणी वेगळं करणारा फिल्टर पहिल्याच दिवशी बसवा, कारण आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि ते ओल धरतं. महिनाभर बोट उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून मोटारसायकलला वापरून टाका.