सर्च कन्सोल आणि एचरेफ्स: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेली सात वर्षे मी सह्याद्रीतील किल्ले आणि घाटवाटा यांची माहिती देणारे एक छोटे मराठी संकेतस्थळ चालवतो. मजकूर स्वतः फिरून लिहिलेला असल्यामुळे तो वाचकांपर्यंत आपोआप पोहोचेल, अशी माझी समजूत होती. आणि एसइओ (शोधयंत्रात आपले पान वर दिसावे यासाठीची खटपट) म्हटले की ‘पहिल्या पानावर आणून देतो’ असे फोनवर सांगणारी मंडळीच आठवत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र हा विषय नीट शिकायचा असे ठरवून मी गूगल सर्च कन्सोल (आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते हे सांगणारे) आणि एचरेफ्स या कंपनीचे वेबमास्टर टूल्स (आपल्याकडे कोठून दुवे येतात हे सांगणारे) ही दोन साधने नियमित वापरायला घेतली. दोन्ही फुकट आहेत, आणि संकेतस्थळ आपलेच असल्याचा पुरावा दिल्याशिवाय दोन्ही काही दाखवत नाहीत. डोमेनच्या नोंदीत एक ओळ चिकटवली की हा पुरावा होतो. त्यासाठी अर्धा तास पुरला.

सर्च कन्सोलमधील कामगिरीचा अहवाल हीच माझी खरी शाळा ठरली. कोणत्या शब्दांवर आपले पान किती वेळा दिसले, त्यावर किती जणांनी क्लिक केले आणि ते सरासरी कितव्या जागी होते, हे तेथे दिसते. मराठी संकेतस्थळाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लोक प्रत्यक्षात काय टंकतात हे कळणे. ‘हरिश्चंद्रगड’ हे एकच नाव देवनागरीत ‘गड’ आणि ‘गढ’ असे दोन प्रकारे येते, आणि रोमन लिपीत तर त्याची डझनभर रूपे आढळतात. ती सर्व अहवालात वेगवेगळ्या ओळींत मांडलेली असतात. २०२१ पासून तेथे रेजेक्सची, म्हणजे ठरावीक नमुन्यात बसणारे शब्द निवडणारी, चाळणी उपलब्ध आहे. तिच्यात देवनागरी अक्षरांचा पट्टा भरला की मराठीत शोधणारे वेगळे काढता येतात, फक्त त्यांत हिंदीत शोधणारेही मिसळलेले असतात हे ध्यानात ठेवावे लागते. माझे बहुतेक वाचक रोमन लिपीत शोधतात आणि मराठीत वाचतात, हे मला सात वर्षांत पहिल्यांदाच कळले. त्यानंतर मी एवढेच केले की प्रत्येक पानाच्या शीर्षकात किल्ल्याचे नाव देवनागरीबरोबर रोमन लिपीतही घातले.

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा इम्प्रेशनचा, म्हणजे पान शोधात किती वेळा दिसले त्याचा, आलेख एकदम उभा राहिला आणि मी दोन दिवस हवेत होतो. क्लिक मात्र जवळजवळ तेवढेच राहिले, कारण बातमी शोधणाऱ्याला साल्हेरवाडीतून वर जाणाऱ्या वाटेची माहिती नको असते. सरासरी क्रमांकाचेही तसेच आहे. पान नव्या शब्दांवर तिसाव्या-चाळिसाव्या जागी दिसू लागले की सरासरी घसरते, आणि प्रगती अधोगतीसारखी दिसते. अगदी विरळ शोध गोपनीयतेसाठी वगळले जातात आणि माहिती केवळ सोळा महिने राहते, म्हणून दर तिमाहीला ती उतरवून ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे.

आता बॅकलिंककडे वळतो, कारण माझा सर्वाधिक वेळ तिकडेच गेला. दुसऱ्या पानाने आपल्याला दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी शिफारसही वजनदार, ही लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची स्टॅनफर्डमधील कल्पना पेजरँक या नावाने गूगलच्या मुळाशी आहे. सर्च कन्सोलचा लिंक अहवाल यादी देतो, पण ती नमुन्यादाखल असते, संपूर्ण नसते, आणि कोणता दुवा वजनदार याविषयी तो काहीच बोलत नाही. एचरेफ्सचे क्रॉलर, म्हणजे पाने धुंडाळत फिरणारी प्रणाली, वेगळे, त्यामुळे यादीही वेगळी. पहिल्या महिन्यात मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्या जुळवण्याचा खटाटोप केला, तो व्यर्थ होता. एका यादीत असून दुसरीत नसलेल्या दुव्यांमध्ये चूक शोधण्याऐवजी दोन्ही एकत्र करून पुनरावृत्ती काढून टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

एचरेफ्सचे डोमेन रेटिंग, म्हणजे संकेतस्थळाला आलेल्या दुव्यांच्या वजनाचा आकडा, शून्य ते शंभर या मापात येते आणि नवशिक्याला त्याचे व्यसन लागते. हे माप लॉगरिदमिक आहे, म्हणजे पाचावरून दहावर जाणे सोपे आणि सत्तरावरून पंचाहत्तरावर जाणे फार कठीण. शिवाय तो त्या कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे, गूगलचा नव्हे. मी काही आठवडे रोज सकाळी चहाबरोबर तो आकडा बघत असे, हे येथे कबूल करतो.

खरा लाभ मला एका जुन्या चुकीतून झाला. माझे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर आहे आणि आरंभी पानांचे पत्ते देवनागरीत होते. देवनागरीचे एक अक्षर किंवा एक मात्रा पत्त्यात सांकेतिक रूपाने लिहिली की नऊ चिन्हे होतात, आणि वर्डप्रेस पत्त्याच्या शेवटच्या भागाला दोनशे चिन्हांचीच जागा देते. म्हणजे बावीस अक्षरे-मात्रा झाल्या की पुढचे कापले जाते. ‘हरिश्चंद्रगडाची नळीची वाट’ या लेखाचा पत्ता म्हणूनच ‘नळीची-वा’ येथे संपत होता. असे पत्ते व्हॉट्सअॅपवर टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेसारखे दिसत, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी सर्व पत्ते रोमन लिपीत केले आणि जुन्यांवरून नव्यांवर रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय) बसवायचे राहूनच गेले. वाचक थोडे घटले, त्याचे खापर मी तेव्हा पावसाळ्यावर फोडले.

एकत्र केलेली यादी उतरवून प्रत्येक दुवा आपल्या कोणत्या पानाकडे बोट दाखवतो हे तपासू लागल्यावर उलगडा झाला. मला आलेल्या चांगल्या दुव्यांपैकी निम्म्याहून अधिक दुवे जुन्या देवनागरी पत्त्यांवर येत होते आणि ‘पान सापडले नाही’ या ४०४च्या भिंतीवर आदळत होते. त्यांत एका गिर्यारोहण संस्थेचे मोहिमेचे टिपण होते, एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाचे पान होते आणि पाचनईच्या वाटेवरील पाण्याची टाकी कोठे आहेत हे सांगताना माझ्या नकाशाचा आधार घेणारे एका ट्रेकरचे लिखाण होते. या लोकांनी न मागता शिफारस केली होती आणि मी त्यांच्या वाचकांच्या तोंडावर दार लावले होते. पुढचे दोन आठवडे संध्याकाळी बसून मी प्रत्येक जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लावले, म्हणजे कायमचा पत्ताबदल कळवला. दोन-अडीच महिन्यांत नळीच्या वाटेचा लेख शोधनिकालांच्या दुसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आला. त्या काळात मी त्या पानातील एक शब्दही बदलला नव्हता, त्यामुळे श्रेय रीडायरेक्टलाच द्यावे लागते.

त्याआधी डिसेंबरात मी एक मूर्खपणाही केला होता. एका विक्रेत्याकडून काही हजार रुपयांत दोनशे बॅकलिंक घेतल्या. त्या आल्या, डोमेन रेटिंग चार अंकांनी वाढले, आणि यादी उघडून पाहिली तर औषधे, जुगार आणि परदेशी घरदुरुस्ती यांच्या पानांवर, सर्वत्र एकाच अँकर टेक्स्टसह (दुव्याच्या दिसणाऱ्या शब्दांसह), माझा राजगड बसवलेला. अशाच व्यवहारांना आळा घालण्यासाठी गूगलने २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन हा बदल आणला होता, आणि त्याच वर्षी नको असलेले दुवे नाकारण्यासाठी डिसअवाउ हे साधनही दिले. बहुतेक संकेतस्थळांना त्याची गरज पडत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. परंतु माझे दुवे विकत घेतलेले असल्यामुळे मी ते नाकारून टाकले. शोधातील क्रमांक त्यांच्यामुळे वर गेला नाही आणि नाकारल्यावर खालीही आला नाही. रेटिंग तेवढे उतरले.

नोफॉलो, म्हणजे ‘हा दुवा शिफारस म्हणून धरू नका’ अशी खूण असलेल्या दुव्यांविषयीची माझी तुच्छताही या काळात गेली. ही खूण २००५ पासून आहे आणि २०१९ पासून गूगल तिला आज्ञा न मानता सूचना मानते. विकिपीडियावरील बाहेरचे दुवे याच खुणेचे असतात. शिकवणीतील व्हिडिओ असे दुवे निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवायला सांगतात. माझ्याकडे मात्र मराठी विकिपीडियाच्या एका लेखातील संदर्भावरून येणारा वाचक सरासरीपेक्षा बराच जास्त वेळ थांबतो, आणि दुवा वाचकासाठी असतो हे मान्य केले तर यापुढे काय हवे?

दुसऱ्या संकेतस्थळांच्या बॅकलिंक सविस्तर पाहायच्या तर पैसे मोजावे लागतात. म्हणून फेब्रुवारीत मी एक महिनाभर एका परदेशी साधनाची सशुल्क योजना घेऊन पाहिली. इंग्रजी ट्रेकिंग संकेतस्थळांना दुवे कोठून मिळतात हे तेथे उत्तम कळले. पण मराठी शब्दांपुढे शोधसंख्येच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होते, आणि त्यांतीलच काही शब्दांवर सर्च कन्सोल मला दरमहा शेकडो इम्प्रेशन दाखवत होते. इंग्रजीत व्यवसाय करणाऱ्याला तो खर्च परवडेल. मराठीत लिहिणाऱ्या एकट्या माणसाने मात्र आधी फुकट साधनांतील प्रत्येक अहवाल वाचून संपवावा, आणि बहुधा वर्ष त्यातच जाईल.

सध्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही याद्या उतरवतो, नवे दुवे प्रत्यक्ष उघडून वाचतो आणि ४०४ची रांग रिकामी करतो. एकूण दोन तास लागतात. ‘नळीची-वा’ या अर्धवट पत्त्यावर अजूनही दर आठवड्याला कोणी ना कोणी येते. त्या दुव्याच्या पानाच्या चालकाला मी पत्ता बदलण्याची विनंती दोनदा पाठवली. उत्तर आले नाही, आणि रीडायरेक्ट चालू असल्यामुळे तिसऱ्यांदा पाठवलेली नाही.