मेन्स्ट्रुअल कप आणि कापडी पॅड : वर्षभर वापरल्यानंतर

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत योनीत बसवायचा, रक्त साठवणारा मऊ कप, घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुमच्या ऑफिसच्या टॉयलेटमध्ये नळ आतच आहे की बेसिन बाहेर कॉमन? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कपात बारा तासांपर्यंत निभावतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. माझं पहिल्या दोन दिवसांत अंगावरून बरंच जातं, त्यामुळे तो सहा-सात तासांत रिकामा करावाच लागतो. घरी काहीच प्रश्न नाही. बाहेर बेसिन वेगळं असेल तर पाण्याची बाटली घेऊनच आत जायचं. पॅडच्या वेळी निदान एवढं व्यवधान नव्हतं.

घालायला जमणं हा सवयीचा भाग आहे. उकिडवं बसायचं, कप ओला करायचा, कडा आत दाबून दुमडायचा. आत गेल्यावर तो पूर्ण उघडला का, हे बोट फिरवून बघायचं. तळाशी घडी लागली तर गळणार म्हणून समजा. काढताना नुसती तळाची दांडी ओढू नका, दुखतं. तळ चिमटीत दाबला की आत हवा शिरते, पकड सुटते, मग तो सहज खाली येतो. दांडी टोचत असेल तर थोडी कापली तरी चालते, पण कप बाहेर काढून, मगच. काठाजवळ बारीक भोकं असतात, त्यांत रक्त अडकून वास धरतो. कप पाण्याने भरून तळहाताने तोंड बंद करायचं आणि दाबायचा. भोकांतून चिळकांड्या उडतात आणि ती स्वच्छ होतात. पाळी संपली की पाच-सात मिनिटं उकळायचा. त्यासाठी पातेलं वेगळं ठेवलंय, नाहीतर सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं असतं.

साइझबद्दल मात्र माझी तक्रार आहे. माझ्या कपासोबतच्या पत्रकात बाळंतपण झालंय का आणि वय काय, एवढंच विचारलं होतं. गर्भाशयाचं तोंड किती खाली आहे यावरही लांबी ठरते, हे त्यात कुठेच नव्हतं. पाळीच्या दिवसांत बोटाने अंदाज घ्या आणि मगच ऑर्डर करा. कॉपर-टी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना ती निसटू शकते.

शेवटच्या दिवसांना आणि रात्री जोडीला कापडी पॅड वापरते. गार पाण्यात भिजवायचं (गरम पाण्याने डाग पक्का होतो), साध्या साबणाने धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. आईच्या वेळी असंच पाळीचं कापड परकराखाली लपवून वाळत घालायचे. मी बाल्कनीत उघड्यावर घालते. पावसाळ्यात पुण्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दमट पॅड वापरणं म्हणजे खाजेला आमंत्रण. त्या महिन्यांत सगळी भिस्त कपावर. आणि 'प्लास्टिकमुक्त' म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच पॅडना गळू नये म्हणून खाली लॅमिनेट केलेल्या पॉलिस्टरचा, म्हणजे प्लास्टिकचाच, थर असतो. तरी ते काही वर्षं टिकतं, त्यामुळे माझी हरकत नाही.

'विघटनशील' पॅडवर मात्र पैसे घालवू नका. किंमत साध्या पॅडपेक्षा बरीच जास्त, आणि वापरलेलं पॅड ओल्या कचऱ्यात कुणीच घेत नाही, मग ते कुजणार कुठे?

माझ्यासाठी पॅडमधल्या प्लास्टिकचा विषय समुद्रातल्या कासवांपेक्षा जिन्याखालच्या कचऱ्याचा आहे. साध्या पॅडमध्ये वरची जाळी, खालचा थर, पाकीट, सगळं प्लास्टिक, आणि ते उघड्या हातांनी वेगळं करतात त्या कचरावेचक बायका. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडचे गठ्ठे थेट कंपन्यांना परत पाठवले होते. प्रत्येक पॅडसोबत टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टण द्यावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं. आत पॅड आहे हे कचरावेचकांना कळावं म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धतही 'स्वच्छ'च्याच मोहिमेची. आमच्या सोसायटीत नोटीस लागली, ठिपका काढणारी घरं मोजकीच.

खर्चाचं म्हणाल तर कप ३००-४०० रुपयांपासून मिळतो आणि नीट सांभाळला तर बरीच वर्षं जातो. माझे पैसे पहिल्या काही महिन्यांतच वसूल झाले. लेकीला अजून दिलेला नाही. ती शाळेत जाते आणि शाळेच्या टॉयलेटला दुपारनंतर पाणी नसतं. तिच्यासाठी पॅड आणतेच, गुंडाळून ठिपका मात्र तिलाच काढायला लावते.