एन-टूनंतर काय? इराइरा-मोयामोयांचा शनिवारचा वर्ग

जपानीची एन-टू (जेएलपीटी परीक्षेची वरून दुसरी पातळी) पास झालात, बातम्या कळतात, ईमेल लिहिता येतात, तरी चार जपानी माणसं जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारायला लागली की धागा सुटतो? मग हा वर्ग तुमच्यासाठी आहे. मी चाकणला एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. बैठकीतले तांत्रिक शब्द मला फारसे अडवत नाहीत, ते आदल्या रात्री पाठ करता येतात. अडवतात ती 'कालपासून जरा मोयामोया होतंय' किंवा 'त्या विभागात सध्या सगळं पिरिपिरि आहे' अशी सहज बोललेली वाक्यं. मोयामोया म्हणजे मनात काहीतरी न पटल्याचं मळभ, पिरिपिरि म्हणजे वातावरणातला ताण. आवाज, अवस्था किंवा भावना नादातून सांगणारे असे शब्द परीक्षेत मोजके भेटतात आणि कामावर दिवसभर कानावर पडतात.

कोथरूडला एक सेन्सेई (शिक्षक) शनिवारी संध्याकाळी फक्त हेच शिकवतात. (नाव छापू नकोस असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. येणारे विद्यार्थी एकमेकांकडूनच कळून येतात.) भाषातज्ज्ञ किंदाइचि हारुहिको यांनी अशा शब्दांचे पाच गट पाडले होते: वस्तूंचे आवाज, माणसांचे आणि प्राण्यांचे आवाज, निर्जीव गोष्टींची अवस्था, सजीवांची वागण्याची तऱ्हा आणि मनातल्या भावना. सेन्सेई आवाजांचे दोन्ही गट पहिल्याच तासाला उरकून टाकतात आणि उरलेला सगळा वेळ मुख्यतः शेवटच्या दोन गटांना देतात. मला ही निवड शंभर टक्के पटली. कुत्रा 'वानवान' भुंकतो हे कुणीही सांगेल. साहेब 'इराइरा' झालेत की नुसतेच 'बाताबाता' आहेत, म्हणजे चिडलेत की कामाच्या धावपळीत आहेत, हे ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

शिकवण्याची पद्धत हा या वर्गाचा खरा जीव. पाठ करायला यादी मिळत नाही. एक प्रसंग मिळतो आणि त्यात तीन शब्द पेरले जातात. एक मूल उंच कंपाउंडवर चढलंय, खालून आई बघतेय. आईचं काय होतंय? हाराहारा. दुसऱ्याचं काही बरंवाईट होईल म्हणून आपला जीव टांगणीला लागतो, ते. मुलाला आता आपल्याला ओरडा बसणार याची धास्ती आहे, ते बिकुबिकु. आणि उतरताना त्याचं काळीज धडधडतंय, ते दोकिदोकि, जे आनंदानेही होऊ शकतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये या तिन्हींपुढे जवळपास एकच इंग्रजी अर्थ दिलेला असतो. या एका प्रसंगानंतर मला त्यांच्यात कधीच गोंधळ वाटलेला नाही.

मग येतं व्याकरण, आणि तिथे सेन्सेई अजिबात सूट देत नाहीत. स्वतःच्या भावनेबद्दल 'वाकुवाकु सुरु' (आनंदाने उत्सुक होणं) चालतं, पण दुसऱ्याच्या मनात शिरून तसं ठोकून देता येत नाही. तिथे 'शिते इरु' (चालू आहे असं दाखवणारं रूप) लावायचं, नाहीतर 'तसं दिसतंय' अशी पुस्ती जोडायची. सुराचाही असाच काटेकोर हिशेब. 'पेकोपेको' डोकं वाकवून माफी मागणं म्हणताना पहिलं अक्षर चढतं. पोटात कावळे ओरडतायत या अर्थाने 'पेकोपेको दा' म्हणताना तो चढ जातो आणि शब्द सपाट होतो. क्रिया कशी चाललीय ते सांगायचं तर चढ, होऊन बसलेली अवस्था सांगायची तर सपाट. थकून गळून गेल्यावरचं 'कुताकुता दा' म्हणूनच सपाट. इतकी वर्षं जपानी ऐकत असून हे मला कुणी असं उलगडून दाखवलं नव्हतं.

आपण मराठी बोलणारे या शब्दांना जवळचे आहोत, याचा सेन्सेई पुरेपूर उपयोग करतात. सोवासोवाला चुळबुळ, इराइराला चिडचिड, गुझुगुझुला चालढकल, गाक्कारिला हिरमोड, होत्तो सुरुला हायसं वाटणं. इंग्रजीतून गेलं की हे शब्द निर्जीव होतात, मराठीतून थेट अंगाला लागतात. पण नुसता नाद सारखा म्हणून अर्थ सारखा धरायला त्यांची सक्त मनाई आहे. आपलं 'गरागरा' फिरतं. जपानी 'गारागारा' म्हणजे खडखडाट, नाहीतर रिकामी ट्रेन. फिरण्यासाठी त्यांच्याकडे 'गुरुगुरु' आहे.

मोयामोयावर मात्र जवळजवळ अख्खा एक तास गेला, आणि जायलाच हवा होता. आमच्यातल्या एकाने 'रुखरुख' सुचवलं. सेन्सेईंनी ते बाजूला ठेवलं. रुखरुख कशाची आहे ते आपल्याला माहीत असतं. मोयामोयात काहीतरी पटत नाहीये एवढंच कळतं, काय ते नेमकं धरता येत नाही. 'मनात मळभ' त्याच्या जास्त जवळ. बैठकीत जपानी माणूस हसतमुखाने 'मोयामोया होतंय' म्हणाला, तर तो विषय संपलेला नाही, थांबून पुन्हा विचारायचं, हे दुभाष्याने समजून असावं. आता मी तसं विचारते, आणि बहुतेक वेळा खरी हरकत तिथेच बाहेर येते.

कुणी कुणाला काय म्हणायचं यावरचा भागही उत्तम. तेकिपाकि (झटपट आणि नीट), किबिकिबि (चपळ), हाकिहाकि (स्पष्ट आणि ठाम बोलणं) हे सगळे कौतुकाचे शब्द, पण ते वरून खाली जातात. आपल्या विभागप्रमुखाला 'तुम्ही तेकिपाकि काम करता' म्हणणं म्हणजे त्याची परीक्षा घेतल्यासारखं. दारादारा (रेंगाळत) आणि नोरोनोरो (मंदगतीने) तर उघड टीकेचे. आणि निकोनिको व नियानिया या दोन हसण्यांमध्ये केवढी दरी आहे! पहिलं प्रसन्न, दुसरं मनात काहीतरी ठेवून केलेलं. दुसरं तोंडावर कधीही म्हणू नये.

उणिवा आहेत. लिहिताना हे शब्द हिरागाना लिपीत लिहायचे की काताकाना लिपीत, याला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. काताकाना जास्त टोकदार दिसते, हिरागाना मऊ, एवढं सांगून पुढे गेले. ज्यांना रोज ईमेल आणि अहवाल लिहायचे असतात त्यांना हे अपुरं आहे. तासांचं ध्वनिमुद्रण अस्पष्ट असतं, आणि सुराचा धडा पुन्हा ऐकायचा असेल तर नेमका तोच कळत नाही. गृहपाठ तपासून मिळायला उशीर होतो. फी जास्त नाही, पण एन-थ्रीच्या खालच्यांनी येऊ नये. प्रसंगावरची चर्चा बरीचशी जपानीत होते आणि ते नुसते ऐकत बसतील.

आमच्या तुकडीत जपानला वृद्धसेवेच्या कामासाठी निघालेली एक मुलगी होती. तिने दुखण्याचे शब्द मागितले: ठणकणारं झुकिझुकि, पोटात पीळ पडल्यासारखं किरिकिरि, डोक्यात घण बसल्यासारखं गानगान. सेन्सेईंनी त्यावर वेगळा वर्ग काढायचं कबूल केलंय. तो निघाला की मी पुन्हा नाव घालणार आहे.