फ्लेक्स छापायचाय? कुडाळातलं हे दुकान बरंय, फक्त व्यंगचित्र घेऊन जाऊ नका

कुडाळ एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर फ्लेक्स, पत्रिका, बिलबुकं छापणारं छोटं दुकान आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडं वाकडं पण बोलणारे. आमच्या वाडीच्या रस्त्यावर मे महिन्यात डांबर पडलं आणि जूनच्या पावसात खडी वर आली, म्हटलं गणपतीला चाकरमानी यायच्या आधी सहा बाय चारचा बॅनर लागलाच पाहिजे. मजकूर पोरांनी लिहिला, ठेकेदाराचं नाव आणि पुढे सरळ "चोर".

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला नि म्हणाले, "चोर लिवलंस तर पुरावो तुकाच देवक लागतलो, नी छापलंय म्हणान माका पण नोटीस येतली. तारीख घाल, फोटो घाल, पैशे किती ते घाल." रक्कम कामाच्या बोर्डावर होतीच. मग अर्ध्या फ्लेक्सवर उखडलेल्या रस्त्याचा फोटो, खाली तारीख, रक्कम आणि एकच प्रश्न, डांबर गेलं कुठे? खरं सांगतो, शिवीपेक्षा हे जास्त झोंबलं.

आणि मालकांचं बरोबरच होतं. संविधानाचं कलम 19(1)(अ) बोलायचा हक्क देतं पण 19(2) मध्ये वाजवी निर्बंध आहेत, बदनामी त्यातलाच एक. बदनामी हा अजून फौजदारी गुन्हा आहे, सुप्रीम कोर्टाने 2016 ला तो कायम ठेवला, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विधानसभेच्या प्रचारपत्रकावर तर छापणाऱ्याचं नाव-पत्ता घालावाच लागतो, त्यामुळे ही माणसं आधीच सावध असतात.

स्टार कापले ते दुसऱ्या कामासाठी. खड्ड्यात चटई टाकून घोरणारे सरपंच, असं झकास चित्र मित्राने काढलं होतं, कुठे शिवी नाही, कुठे पैसे खाल्ल्याचा आरोप नाही, तरी मालक "ह्या नको" म्हणून हात जोडून मोकळे. अहो पण बदनामीच्या त्याच कलमात अपवाद दिलाय, लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेने दिलेलं मत बदनामी होत नाही. 19(2) मध्ये देशाची सुरक्षा आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, कोर्टाचा अवमान आहे, सरपंचांना राग येईल हे कारण मला तरी कुठे सापडलं नाही. इथे कायद्याच्या आधी काउंटरवरच कात्री लागते, आणि तिच्यावर अपील पण नाही.

भीती समजते म्हणा. 2012 ला पालघरात, म्हणजे आपल्याच कोकणाच्या वरच्या टोकाला, मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकली म्हणून दोन मुलींना अटक झाली होती, एकीने लिहिलं आणि दुसरीने नुसतं लाईक केलं. त्या प्रकारानंतरच आयटी कायद्याच्या 66अ ला, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणाऱ्या कलमाला, आव्हान गेलं आणि 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. पण कलम गेलं तरी धास्ती जात नाही, आणि पोलीस दारात आले तर दुकान बंद मालकांचंच राहणार, माझं नाही.

बाकी छपाई मस्त, भर पावसात रंग टिकलाय, रिंगा पक्क्या, जीपे चालतं, लाईट गेली की मात्र बसून राहा. माझ्याकडून साडेतीन स्टार. प्रूफ व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि शुद्धलेखन स्वतः बघा, आमचा रस्ता पहिल्या प्रूफमध्ये "उकडलेला" होता.